चोवीस वर्षं दहा महिने : डेंग छिंगमिंग यांची गोष्ट

निळाई (धागाकर्ती)

२९ नोव्हेंबर २०२२ची रात्र. आपल्याकडे आठ वाजून अडतीस मिनिटं, चीनमध्ये अकरा वाजून आठ. गोबी वाळवंटातल्या जिउछुआन तळावरून शेंझोऊ-१५ यान वर जायचं होतं. स्वयंपाक उरकून, फोन डब्याला टेकवून मी ते लाइव्ह बघत होते. यानात तिघं. फेई जुनलाँग हे नाव ओळखीचं होतं, कारण २००५मध्ये शेंझोऊ-६मधून ते जाऊन आले होते. झांग लू त्या मानाने तरुण. तिसरं नाव मी तोवर ऐकलंच नव्हतं : डेंग छिंगमिंग. वय ५६, पहिलंच उड्डाण.

छप्पन्नाव्या वर्षी पहिलं उड्डाण? म्हणून शोधायला बसले, ती रात्री एकपर्यंत वाचतच होते. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

डेंग १९६६च्या मार्चमध्ये जिआंग्शी प्रांतातल्या यिहुआंग तालुक्यात जन्मले. १९८४मध्ये हवाई दलात गेले, लढाऊ विमानं चालवायला लागले. चीनने नव्वदच्या दशकात माणूस अंतराळात पाठवायचं ठरवलं, तेव्हा हवाई दलातल्या वैमानिकांमधून गाळून गाळून बारा जण निवडले. दोघं आधीच रशियातल्या स्टार सिटीत शिकून आले होते. असे चौदा जण. जानेवारी १९९८मध्ये या चौदा जणांची चीनची पहिली अंतराळवीर तुकडी उभी राहिली. यांग लिवेई त्यातलेच. २००३च्या ऑक्टोबरमध्ये शेंझोऊ-५मधून पृथ्वीला चौदा फेऱ्या मारून, एकवीस तास तेवीस मिनिटांनी ते परत आले आणि चीनचे पहिले अंतराळवीर ठरले. त्यांचं नाव जगाला ठाऊक आहे. डेंगही त्याच दिवशी तुकडीत आले होते, त्याच वर्गात बसले होते, त्याच यंत्रात गरगर फिरले होते.

मग एकेक जण जात राहिला. २००५मध्ये दोघं, २००८मध्ये तिघं. २०१२च्या शेंझोऊ-९साठी डेंग राखीव तुकडीत होते. २०१३च्या शेंझोऊ-१०लाही राखीव. २०१६च्या शेंझोऊ-११लाही राखीव. तीन वेळा उड्डाणाच्या उंबरठ्यापर्यंत गेले आणि तीनदा तिथून मागे फिरले.

इथे ‘राखीव’ या शब्दावर जरा थांबते, कारण आपल्याकडे राखीव म्हटलं की बाकावर बसलेला खेळाडू डोळ्यांपुढे येतो. यांचं तसं नसतं. मुख्य तुकडी जे जे करते ते सगळं राखीव तुकडीला करावं लागतं. तेच वर्ग, त्याच परीक्षा, तेच सेंट्रिफ्यूज. या यंत्राच्या लांब हाताच्या टोकाशी असलेल्या कुपीत माणसाला बसवून फिरवतात. ८ जीपर्यंत, म्हणजे नेहमीच्या गुरुत्वाकर्षणाच्या आठपट ओढीपर्यंत गेलं की ७० किलोच्या माणसाला आपलं अंग ५६० किलोचं झाल्यासारखं वाटतं. गाल मागे ओढले जातात, डोळ्यांतून आपोआप पाणी वाहतं, श्वास पोटातून ओढून घ्यावा लागतो. हाताशी एक लाल बटण असतं. सहन होत नसेल तर दाबायचं, यंत्र थांबतं. इतक्या वर्षांत एकाही चिनी अंतराळवीराने ते दाबलेलं नाही, असं तिथले प्रशिक्षक अभिमानाने सांगतात.

मग पाण्याखालचा सराव. बीजिंगच्या प्रशिक्षण केंद्रात एक मोठा खोल तलाव आहे. शंभर किलोंहून जड पोशाख घालून त्यात तासन्‌तास यानाबाहेरच्या कामाची तालीम करायची. पोशाखात हवेचा दाब असतो, त्यामुळे मूठ वळायची तरी दर वेळी फुगवलेला चेंडू दाबावा तसा जोर लागतो. बाहेर आल्यावर जेवताना हात इतके थरथरतात की चॉपस्टिक धरवत नाहीत, असं तिथल्या अंतराळवीरांनीच सांगितलंय.

हे सगळं डेंग यांनी १९९८पासून केलं. यान सुटायच्या आदल्या दिवशी नावं जाहीर होईपर्यंत राखीव माणसाला मुख्य माणसाइतकंच तयार राहावं लागतं. ऐनवेळी कुणाला ताप आला, कान दुखला, तर त्याच्या जागी जाऊन बसायचं. आणि तसं काही झालं नाही, तर पोशाख उतरवून बसने परत.

२०१६ची एक गोष्ट वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. शेंझोऊ-११साठी नावं जाहीर झाली : जिंग हायपेंग आणि चेन डोंग. डेंग पुन्हा राखीव. जिंग त्यांच्याच तुकडीतले, १९९८चे, आणि ही त्यांची तिसरी खेप होती. नावं वाचून झाल्यावर क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग डेंग वळले, त्यांनी जिंगना मिठी मारली आणि अभिनंदन केलं. जिंग म्हणाले, आभारी आहे. एवढंच. दोघांनी अठरा वर्षं एकत्र घाम गाळलेला. त्या मिठीत काय काय असेल, याचा मी अजूनही विचार करते.

त्यांचे जोडीदार एकेक करून कमी होत गेले, हे आणखी वेगळं. २०१४मध्ये चौदांपैकी पाच जण एकदाही न उडता निवृत्त झाले. आठ जण जाऊन आले होते. राहिले एकटे डेंग. अजून सेवेत आहे आणि अजून एकदाही वर गेलेला नाही, असा पहिल्या तुकडीतला एकमेव माणूस.

म्हणजे जानेवारी १९९८ ते २९ नोव्हेंबर २०२२. चोवीस वर्षं आणि दहा महिने.

मला यात नुसती चिकाटी दिसत नाही. चिकाटी बऱ्याच जणांकडे असते. या माणसाने दर वेळी पूर्ण तयारी केली, अर्धवट मनाने एकदाही नाही. मनात कुठेतरी ठाऊक असणार, की बहुधा आपला नंबर लागणार नाही. तरी परीक्षेत पहिल्या फळीच्या जवळपासचे गुण मिळवत राहायचं, वय चाळीस, पंचेचाळीस, पन्नास होत असताना. हे कसं जमतं? तुम्हाला काय वाटतं, आणि तुमच्या पाहण्यात अशी माणसं आहेत का, लिहा.

………

सदाफुली

निळाईताई, वाचून अंगावर काटा आला. मला यांग लिवेई सोडून एकही नाव माहीत नव्हतं. पुढे काय झालं तेही लिहा ना, वर गेल्यावर.

………

पाऊलखुणा

छान धागा. नावाच्या उच्चाराबद्दल थोडं. मी सहा वर्षं नोकरीसाठी चीनमध्ये होतो. मराठी बातम्यांत ‘किंगमिंग’ छापलं जातं, ते चूक आहे. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना वापरतात तो ‘क्यू’ म्हणजे आपला ‘छ’. तुम्ही छिंगमिंग लिहिलंत, बरं वाटलं. ‘छिंग’ म्हणजे स्वच्छ, नितळ. ‘मिंग’ म्हणजे उजळ. एप्रिलच्या सुरुवातीला चिनी लोक पूर्वजांच्या समाध्या झाडून-पुसून फुलं वाहतात, त्या सणाचं नावही हेच, अक्षरंही हीच.

अजून एक. मुख्य तुकडीतल्या माणसाला तिथे ‘झूफेन’ म्हणतात आणि राखीवाला ‘बेइफेन’. त्यावरून अंतराळवीरांमध्ये एक वाक्य रुळलंय : झूफेन असो की बेइफेन, दोन्ही आपलं ‘बेनफेन’. बेनफेन म्हणजे कर्तव्य, आपल्या वाट्याचं काम. तिन्ही शब्दांच्या शेवटी ‘फेन’ हाच उच्चार येतो, अर्थ वाटा, हिस्सा असा. मराठीत आणायचं तर ‘पुढचा वाटा असो की मागचा, वाटा तो आपलाच’ असं काहीसं होईल, पण मूळची लय येत नाही.

तिकडे असताना माझ्या कंपनीतल्या जेवणाच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही होता. उड्डाण असलं की सगळे ताट घेऊन त्याच्यासमोर उभे राहून जेवायचे. शेंझोऊ-११च्या वेळी मी तिथेच होतो. सकाळी साडेसातचं उड्डाण. स्वयंपाकघरातल्या बायकाही हात पुसत बाहेर आल्या होत्या.

………

गणिती_मनोहर

मी एक हिशेब मांडून पाहिला, तो इथे देतो.

२००३ ते २०१६ या काळात चीनची माणसं घेऊन गेलेली सहा याने झाली : शेंझोऊ-५ (१ जण), ६ (२), ७ (३), ९ (३), १० (३), ११ (२). शेंझोऊ-८ माणसांविना गेलं होतं. बेरीज करा : १४ जागा. पहिल्या तुकडीत माणसं किती? १४!

म्हणजे प्रत्येकाला एकेक जागा दिली असती तर डेंग आणि ते पाच जण, सगळ्यांचा नंबर लागला असता. पण जिंग हायपेंग तीनदा गेले (७, ९, ११), निए हाइशेंग दोनदा (६, १०), आणि तीन जागा २०१०च्या दुसऱ्या तुकडीला मिळाल्या : ल्यू यांग, वांग यापिंग, चेन डोंग. पहिल्या तुकडीच्या आठ जणांनी मिळून अकरा जागा घेतल्या.

याला अन्याय म्हणत नाही. अनुभवी कमांडर लागतो, महिला पाठवायच्या होत्या, तरुणांना पुढे आणायचं होतं. कारणं पटण्यासारखी आहेत. पण कागदावर चौदाला चौदा जुळलेले पाहिले, आणि त्यातल्या सहा जणांच्या नावापुढे शून्य, तेव्हा पेन खाली ठेवलं.

………

निळाई

मनोहरकाका, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चौदाला चौदा! आता ते डोक्यातून जाणार नाही.

………

उत्तरध्रुव

२०१६नंतर लगेच संधी मिळायला हवी होती. मग सहा वर्षं का गेली, यामागचं तांत्रिक कारण सांगतो, कारण ते डेंग यांच्या गोष्टीत नेमकं बसतं.

शेंझोऊ-११नंतर चीनला मोठं अंतराळ स्थानक उभारायचं होतं. त्याचा गाभा म्हणजे तियानहे हा भाग वीस टनांहून जड. तो उचलायला लाँग मार्च-५ जातीचं रॉकेट हवं. त्या रॉकेटचं दुसरं उड्डाण २ जुलै २०१७ला हायनान बेटावरच्या वेनचांग तळावरून झालं आणि फसलं. पहिल्या टप्प्यातल्या हायड्रोजन इंजिनाच्या टर्बाइनमध्ये दोष निघाला. इंजिनाची नव्याने रचना, चाचण्या, पुन्हा दोष, पुन्हा चाचण्या. यशस्वी उड्डाण व्हायला २७ डिसेंबर २०१९ उजाडलं. तियानहे वर गेलं २९ एप्रिल २०२१ला. नोव्हेंबर २०१६ ते जून २०२१ या काळात चीनचा एकही माणूस अंतराळात गेला नाही.

एका टर्बाइनपायी आख्खं स्थानक मागे पडलं. रॉकेट दुरुस्त होतं, त्याला वय नसतं. डेंग त्या काळात ५१चे ५५ झाले. त्या वयात ८ जी झेलायची तयारी टिकवणं म्हणजे काय, हे डॉक्टर मंडळींनी सांगावं.

………

डॉ_मंजिरी

उत्तरध्रुव, थोडक्यात सांगते. पन्नाशीनंतर दोन गोष्टी अवघड होतात. एक, जास्त जीमध्ये रक्त मेंदूपर्यंत पोचतं ठेवायला रक्तवाहिन्यांना पटकन आवळावं लागतं, ती चपळाई वयाबरोबर कमी होते. दुसरं म्हणजे हाडं आणि स्नायू. वजनरहित अवस्थेत हाडं दर महिन्याला झिजतात, आणि मुळात ठेव कमी असेल तर झीज जास्त महागात पडते. सहा महिने वर राहायचं, म्हणजे रोज व्यायाम चुकवून चालत नाही. छप्पन्नाव्या वर्षी वैद्यकीय तपासणीत पास होणं ही पंचवीस वर्षांच्या रोजच्या शिस्तीची पावती आहे. ती एका महिन्यात मिळवता येत नाही.

………

मैदानावरचा

राखीव म्हटल्यावर मला पॅडी शिवलकर आठवले. पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. मी लहानपणी शिवाजी पार्कवर त्यांना नेटमध्ये टाकताना पाहिलंय. वय झालं होतं, तरी चेंडू टाकायच्या आधी बोटं शिवणीवर नीट बसेपर्यंत थांबायचे. २०२५च्या मार्चमध्ये ते गेले. डेंगना शेवटी बोलावणं आलं, पॅडींना आलं नाही. पण दोघांनी कामात कसर ठेवली नाही, ही गोष्ट सारखी.

………

सीमापार

लेख चांगला आहे, पण एक बोलल्यावाचून राहवत नाही. गलवानला आपली माणसं गेली त्याला फार वर्षं झालेली नाहीत. माझा चुलतभाऊ लष्करात आहे. हे डेंग साहेब चिनी सैन्यातलेच अधिकारी. शिवाय या सगळ्या गोष्टी आपल्यापर्यंत येतात त्या त्यांच्या सरकारी माध्यमांतून, छान रंगवून. तुम्ही इतक्या मनापासून लिहिलंय म्हणून विचारतो, हे तुम्हाला खटकलं नाही?

………

निळाई

सीमापार, खटकलं. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

मी यावर विचार केला होता. त्यांच्या माध्यमांनी त्याग, देशभक्ती वगैरे शब्द वापरून हे लिहिलंय. ते मी इथे मुद्दाम आणले नाहीत, कारण ते शब्द त्यांच्या सरकारचे आहेत. मी घेतल्या त्या तारखा, नावं आणि याद्या : कोण कधी उडालं, कोण राखीव होतं, कोण न उडता निवृत्त झालं. मनोहरकाकांनी केलेली बेरीज कुठल्याही सरकारने सांगितलेली नाही, ती आपण आपल्या हाताने केलीय, आणि त्या बेरजेतच मला हा माणूस सगळ्यात जवळचा वाटतो.

त्यांच्या सरकारबद्दल तुमच्या मनात जे आहे ते माझ्याही मनात आहे. पण सेंट्रिफ्यूजमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी मला परकं वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, असं मला वाटतं.

………

सीमापार

पटलं. पूर्ण नाही, पण पटलं. धागा वाचतोय.

………

विंगेतली

मी वीसेक वर्षांपूर्वी हौशी आणि प्रायोगिक नाटकं केली. एका नाटकात मुख्य भूमिकेची रिप्लेसमेंट म्हणून मला घेतलं होतं. सगळी तालीम, सगळे संवाद, हालचाली, प्रकाशाच्या जागा, सगळं पाठ. प्रत्येक प्रयोगाला मेकअपपर्यंतची तयारी करून विंगेत उभी राहायचे. छत्तीस प्रयोग झाले. एकदाही गरज पडली नाही.

लोकांना वाटतं, उभं राहायचं तर आहे. तसं नसतं. ती बाई रंगमंचावर एखादा संवाद विसरायची आणि माझे ओठ हलायचे. तिला शिंक आली तरी माझं काळीज लक्कन हलायचं, आणि तिने बरं असावं अशी इच्छा आणि मला एकदा मिळावं अशी इच्छा, दोन्ही एकाच वेळी मनात असायच्या. त्याची लाज वाटायची. शेवटच्या प्रयोगानंतर ती मला घट्ट मिठी मारून रडली होती. म्हणून डेंग आणि जिंग यांच्या मिठीबद्दल वाचलं आणि थोडा वेळ पुढे वाचताच आलं नाही.

छत्तीस प्रयोगांनी मी थकले. या माणसाने पंचवीस वर्षं केलं.

………

सदाफुली

विंगेतली, तुमचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवलाय.

………

आकाशवेडा

आपल्याकडचं नावही घ्यायला हवं : रवीश मल्होत्रा. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ला सोयुझ टी-११मधून गेले, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मल्होत्रा त्यांच्यासोबत मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत तेच प्रशिक्षण घेत होते, तीच रशियन भाषा शिकले, तेच सगळं. ते राखीव होते आणि कधीच गेले नाहीत. चीनच्या पहिल्या तुकडीतले दोघं, वू जिए आणि ली छिंगलाँग, पुढे नव्वदच्या दशकात त्याच स्टार सिटीत शिकले. हे दोघंही कधी उडाले नाहीत. २०१४मध्ये निवृत्त झालेल्या पाचांमध्ये तेही आहेत. बाकीच्यांना शिकवायला मात्र तेच उभे राहिले होते.

२०२५च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले. त्यांचे राखीव प्रशांत नायर. त्या आठवड्यात माझ्या मुलाच्या शाळेत शुक्लांवर भित्तिपत्रक केलं. मी बाईंना विनंती करून खाली एका कोपऱ्यात नायरांचाही फोटो लावायला सांगितला. बाईंनी लावला.

अमेरिकेतही असे लोक झाले. डॉन लिंड १९६६मध्ये निवडले गेले आणि १९८५मध्ये उडाले, एकोणीस वर्षांनी. डेंग यांची वाट त्याहून जवळपास सहा वर्षं लांब.

………

पाऊलखुणा

वू जिए आणि ली छिंगलाँग यांची नावं घेतलीत, फार बरं केलंत. उरलेली तीन मी लिहितो, निदान एका ठिकाणी मराठीत राहतील : चेन छुआन, झाओ चुआनडोंग, पान झानचुन.

………

उत्तरध्रुव

राखीव माणसांबरोबर राखीव यानाबद्दलही सांगतो. विषय तोच आहे.

स्थानक सुरू झाल्यापासून चीनने एक पद्धत ठेवलीय. माणसं घेऊन एक यान वर गेलं की पुढचं रॉकेट आणि पुढचं यान जिउछुआनला जवळपास तयार ठेवायचं. वर काही बिघडलं तर थोड्या दिवसांत ते सुटवता आलं पाहिजे. वर्षानुवर्षं ती तयारी वापरावी लागली नाही. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये लागली. शेंझोऊ-२०च्या परतीच्या कुपीच्या खिडकीला अंतराळातल्या कचऱ्याच्या बारीक तुकड्याने तडा गेल्याचं दिसलं. त्यातून परतणं धोक्याचं. मग त्या तिघांना नुकत्याच आलेल्या शेंझोऊ-२१मधून १४ नोव्हेंबरला खाली आणलं. पण त्यामुळे वर राहिलेल्या नव्या तिघांना परतीचं धड यानच उरलं नाही. २५ नोव्हेंबरला शेंझोऊ-२२ माणसांविना वर पाठवलं.

अकरा दिवस. राखीव ठेवलेलं होतं म्हणून अकरा दिवसांत जमलं. नवं बांधायला घेतलं असतं तर किती महिने गेले असते याचा विचार करा.

आणि शेंझोऊ-२०च्या त्या तुकडीचे कमांडर कोण होते? चेन डोंग. २०१६मध्ये डेंग राखीव असताना उडालेले तेच चेन डोंग.

………

गणिती_मनोहर

निळाई, सदाफुलींनी सुरुवातीला विचारलं होतं, ते राहिलं. वर गेल्यावर काय झालं? स्पेसवॉक केला का त्यांनी?

………

निळाई

मनोहरकाका, सदाफुली, हो, ते राहिलंच. सांगते.

स्पेसवॉक त्यांनी केला नाही. शेंझोऊ-१५च्या तुकडीने वर असताना चार वेळा स्थानकाबाहेर जाऊन काम केलं, तोवरच्या कुठल्याही चिनी तुकडीपेक्षा जास्त वेळा. पहिला ९ फेब्रुवारी २०२३ला, जवळपास सात तासांचा. चारही वेळा फेई आणि झांग बाहेर गेले, आणि चारही वेळा डेंग आत राहिले. बाहेरच्या दोघांचा पोशाख, दाब, संपर्क, सगळ्यावर आतून नजर ठेवत. म्हणजे चारशे किलोमीटर वर जाऊनही ते पुन्हा साथीलाच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. इतकं थांबून तिथेही दाराच्या आतच? विंगेतलींचा प्रतिसाद वाचल्यावर मात्र ते वेगळं दिसायला लागलं. बाहेर दोरीला लटकलेल्या माणसाला आत कुणीतरी असा लागतो, ज्याने पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या प्रत्येक हालचालीची तयारी केलीय. बाहेरचा कुठे अडखळेल, त्याला कुठली कळ सापडणार नाही, हे त्याच्याआधी ज्याला कळतं. मी फेईंच्या जागी असते तर आत कोण हवं, याचा क्षणभरही विचार करावा लागला नसता.

१८६ दिवस राहून ४ जून २०२३ला, आपल्याकडे पहाटे चार वाजता, ते इनर मंगोलियातल्या डोंगफेंगच्या माळावर उतरले.

पण मला शेवटी त्या पहिल्या पहाटेबद्दल लिहायचंय. उड्डाणानंतर यान साडेसहा तासांत स्थानकाला जोडलं गेलं. वर आधीची तुकडी होती, शेंझोऊ-१४ची : चेन डोंग, ल्यू यांग, साय शूझे. चीनचे सहा जण एकाच वेळी अंतराळात असण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. मी गजर लावून उठले होते, घरात सगळे झोपलेले, आवाज बंद करून बघत होते.

आता नावं पुन्हा एकदा वाचा. शेंझोऊ-९ला डेंग राखीव होते, त्या यानातून ल्यू यांग गेल्या, चीनच्या पहिल्या महिला अंतराळवीर. शेंझोऊ-११ला डेंग राखीव होते, त्या यानातून चेन डोंग गेले. दोघंही त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्यांना खालून वर जाताना ज्यांनी पाहिलं होतं, ते डेंग आता वर येत होते आणि ते दोघं आत वाट पाहत होते.

दार उघडलं. गोल तोंडातून एकेक जण तरंगत आत आला. सहाही जण एकमेकांना बिलगले. वजन नसल्यामुळे मिठी मारली की दोघंही फिरायला लागतात, म्हणून कुणाचा तरी एक हात सतत भिंतीवरची कडी शोधत होता. डेंग हसत होते, तोंडभर. चेन डोंग यांनी त्यांना धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

………

विंगेतली

निळाई, आभार.